पांढरीचे राखणदार

माझ्या लिहिण्याच्या मेजावर एक खापर आहे. तळहाताएवढे, फिकट बदामी लेपाचे, आणि त्यावर काळपट तपकिरी रंगाने काढलेले एका हरणाचे मागचे अंग. शिंगांचा भाग फुटून कोठे तरी राहून गेला आहे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, विद्यार्थिदशेत, निमाडातील एका गावाबाहेरच्या टेकाडावरून मी ते उचलले आणि खिशात टाकले. त्या वेळी आपण मोठे संशोधन केले असे वाटले होते. आज कोणी विचारले, ‘हे कोणत्या गावचे?’, तर मला सांगता येत नाही. त्या दिवशी आम्ही तीन-चार गावे हिंडलो होतो. चिठ्ठी लिहून ठेवावी एवढे काही सुचले नाही. पुढे त्या बाजूस जाण्याचा योग आला, तेव्हा त्या टेकाडांपैकी दोन सपाट होऊन तेथे कापूस उभा होता. माझे खापर सुंदर आहे, पण मुके आहे; आणि त्याची वाचा घालविणारा मीच आहे.

पुरातत्त्व हा पंडितांचा प्रांत, आपण संग्रहालयात जाऊन पाहावे आणि परत यावे, अशी आपणांपैकी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत अपुरी आहे असे मला आज सांगावयाचे आहे. जमिनीत दडलेल्या इतिहासाची पहिली गाठ सहसा पंडिताशी पडत नाही. ती पडते नांगरणाऱ्याशी, विहीर खणणाऱ्याशी, गुराख्याशी, घराचा पाया काढणाऱ्या गवंड्याशी. पंडित मागाहून येतो. आणि तो येईपर्यंत त्या पहिल्या माणसाने काय केले, यावर पुढचे सारे ज्ञान अवलंबून असते.

आपल्या भाषेने तर ही विद्या शेतकऱ्याच्या घरी आधीच पोहोचविली आहे. गावच्या जमिनीचे आपण दोन भाग मानतो : काळी आणि पांढरी. काळी ही पिकाची, पांढरी ही वस्तीची. पिढ्यानुपिढ्या एका जागी माणसे राहिली, त्यांच्या चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या व त्यांवर नव्या उभ्या राहिल्या, राख आणि शेण साचले, की तेथील मातीचा रंग बदलतो आणि जमीन उंचावते. गाव उठून गेले तरी पांढर राहते. तिच्यावर पहिला पाऊस पडून गेला, की धुऊन निघालेली खापरे उन्हात चमकू लागतात. पुरातत्त्वज्ञ नवीन प्रदेशात गेला म्हणजे हीच खूण शोधीत हिंडतो. आणि पुष्कळदा गावातील म्हाताऱ्याला ‘इथे जुनी पांढर कुठे आहे?’ एवढे विचारले, की त्याचे निम्मे काम होते.

दुर्दैव असे, की ही माती सकस असल्यामुळे ती गाड्या भरभरून शेतात नेतात, आणि धाब्याच्या घरांवरही ती पसरली जाई. पूर्वी बैलगाडीने हे काम होई, तेव्हा एक टेकाड संपावयास दोन पिढ्या लागत. आता यंत्र आठवड्यात ते सपाट करते. शेतकऱ्यास दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या मातीत काय होते, हे त्याला कोणी सांगितलेच नाही, ही खरी गोष्ट आहे.

त्या मातीत काय असते? नर्मदेच्या उत्तर तीरावर अहिल्याबाईंचे महेश्वर आहे आणि समोरच्या तीरावर नावडातोली. तेथे १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात डॉ. हसमुख सांकळिया व त्यांच्या पुणे आणि बडोदे येथील सहकाऱ्यांनी उत्खनन केले. सोने निघाले नाही. राजवाडा निघाला नाही. निघाली ती झोपड्यांच्या खांबांची भोके, चुली, रंगीत भांडी आणि जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे. पण त्या दाण्यांवरून साडेतीन हजार वर्षांपूर्वी नर्मदाकाठचा शेतकरी गहू, मसूर, मूग पिकवीत होता आणि तांदूळही त्याच्या घरी होता, हे समजले. ज्याला आपण राख म्हणून उकिरड्यावर टाकतो, तीत एका समाजाचे जेवणाचे ताट होते.

हे ज्ञान कशाने मिळते? वस्तूने नव्हे, तर वस्तूच्या जागेने. सर्वांत जुना थर तळाशी, नंतरचा त्यावर, अशी मातीची पोथी रचलेली असते. पोथी पानांची सुटी असते, हे आपण जाणतो. पानांवर अंक नसतील आणि वाऱ्याने ती उधळली, तर प्रत्येक पान शाबूत असूनही कथा जुळविता येत नाही. पांढरीतील वस्तूंचे तसेच आहे. कोणत्या थरात, कोणत्या वस्तूशेजारी, किती खोल सापडली, हा त्या पानावरचा अंक. वस्तू उचलली आणि जागा विसरली, की अंक पुसला गेला.

याचे एक उदाहरण सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचे जुने ओसाड ठिकाण आहे. १९७४ मध्ये तेथे एक ग्रामस्थ झुडपाचे मूळ खणून काढीत असता त्याला कांस्याच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय धातुकलेच्या इतिहासात त्यांना जोड मिळणे कठीण. त्या माणसाने त्या मोडीच्या भावाने विकल्या असत्या तर आज त्यांची नावनिशाणीही उरली नसती. त्या वाचल्या, ही आपणा सर्वांवरची कृपा होय.

पण त्यांचे वय किती? त्या जागेचे उत्खनन करणाऱ्या विद्वानांनी त्या परिसराच्या पुराव्यावरून त्या उत्तर-हडप्पा काळातील मानल्या. उलट डॉ. धर्मपाल अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण तपासून शंका घेतली. या कांस्यात आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे. त्या काळच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. म्हणून या मूर्ती बऱ्याच अलीकडच्या असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. मूर्ती तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत, आपापल्या थरातून निघाल्या असत्या, तर या वादाला फारशी जागाच राहिली नसती. कुदळीचे घाव थोडे आधी थांबते, तर आपल्याला मूर्तीही मिळाल्या असत्या आणि त्यांचा काळही मिळाला असता. यात त्या ग्रामस्थाचा अपराध नाही. ‘थांबा, आणि कोणाला तरी बोलवा’ हे त्याला आधी कोणी सांगावयास हवे होते.

वेळीच थांबले आणि गावाने हात दिला, तर काय घडते, ते कोकणात व गोव्यात पाहावयास मिळते. कोकणच्या जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर माणसांच्या, जनावरांच्या आणि अर्थ न लागणाऱ्या शेकडो आकृती कोरलेल्या आहेत. त्यांना आता कातळशिल्पे म्हणतात. काहींत गेंड्यासारखा प्राणी दिसतो, जो आज कोकणात कोठेच नाही. गुराख्यांना ही चित्रे पिढ्यानुपिढ्या ठाऊक होती. विद्वानांच्या पुस्तकांत मात्र त्यांपैकी मोजकीच होती. गोव्यात सांगे भागात कुशावती नदीच्या काठी पणसायमळ येथील बैल, हरणे आणि चक्रव्यूहाची आकृती १९९३ मध्ये अभ्यासकांपुढे आली, तीही गावकऱ्यांनी वाट दाखविल्यामुळे. ती गुराख्यांनी कोरली, असे गावकरी सांगत.

पुढे रत्नागिरी जिल्ह्यात श्री. सुधीर रिसबूड, श्री. धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१२ च्या सुमारास सडे पायाखाली घालण्यास आरंभ केला. ही मंडळी कोणत्याही सरकारी खात्याची नव्हती. आपापले व्यवसाय सांभाळून, सुट्टीच्या दिवशी गावोगाव जावयाचे, गुरे राखणाऱ्यांस विचारावयाचे, पालापाचोळा व माती हलकेच दूर करून आकृती पाहावयाची, मापे घ्यावयाची, नोंद करावयाची, हा त्यांचा क्रम. त्यातून हजाराहून अधिक आकृतींची नोंद झाली. कशेळी येथील हत्तीची आकृती तर सुमारे अठरा मीटर लांब आहे. उक्षी येथे गावानेच पुढाकार घेऊन आपल्या कातळशिल्पाभोवती संरक्षण उभारले. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील पणसायमळ अशी नऊ स्थळे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ही शिल्पे कोणी व केव्हा कोरली, याचा शोध अद्याप चालू आहे. पण तो शोध करता येतो आहे, कारण शिल्पे जागेवर आहेत. त्याच सड्यांवर चिऱ्यांच्या खाणी आहेत, रस्ते येत आहेत, कलमांच्या बागा वाढत आहेत. जांभा चिरून नेला, की त्यावरचे चित्र घराच्या भिंतीत तुकड्या-तुकड्यांनी जाते आणि पुन्हा कधी जुळत नाही.

श्रोते हो, हे काम करण्यास पदवी लागत नाही; पाय, डोळे आणि वही लागते. माळव्यातील श्रोत्यांस याचा दाखला बाहेरून आणावयास नको. उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर मुळात चित्रकार होते. १९५७ मध्ये आगगाडीने भोपाळच्या बाजूने जात असता त्यांना डब्याच्या खिडकीतून खडकांची एक विलक्षण रचना दिसली. ते तेथे पोहोचले, आणि भीमबेटका येथील हजारो वर्षांपूर्वीची गुहाचित्रे अभ्यासकांच्या जगापुढे आली. २००३ मध्ये ते स्थळ जागतिक वारसा ठरले. त्या मार्गाने रोज कितीतरी प्रवासी जात होते, आणि खडकही सर्वांना दिसत होते. वाकणकर तेवढे उतरून चालत गेले.

येथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. ग्रामस्थांचा आणि संशोधकांचा संबंध केवळ ‘तुम्ही द्या, आम्ही घेतो’ असा असू नये. विदिशेजवळ बेसनगर येथे, जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या हद्दीत, एक दगडी स्तंभ आहे. गावकरी त्याला ‘खांब बाबा’ म्हणून शेंदूर लावून पूजीत असत. जनरल कनिंगहॅम यांनी १८७७ मध्ये तो पाहिला. पण शेंदराच्या जाड थराखालची अक्षरे त्यांना दिसली नाहीत. १९०९ मध्ये तो थर दूर झाला आणि ब्राह्मी लेख प्रकट झाला : तक्षशिलेचा रहिवासी, डिऑनचा पुत्र हेलिओदोर, हा यवन राजा अंतलिकित याचा वकील म्हणून आला आणि त्याने देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात एका ग्रीकाने वासुदेवाची भक्ती केल्याचा हा पुरावा. शेंदराने लेख झाकला हे खरे. पण गावाच्या श्रद्धेने खांब उभा ठेवला, हेही तितकेच खरे. देव नसता, तर तो कोणाच्या तरी ओट्याची पायरी झाला असता. म्हणून गावच्या वीरगळाला कोणी तेल-शेंदूर लावीत असेल, तर त्याला हिणवू नये. त्या दगडावर कोणाची कथा कोरली आहे, ती त्याच्यासह बसून वाचावी.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो.

जमिनीत काही सापडले, तर पहिली गोष्ट ही, की हात थांबवावा. आणखी खणू नये. उत्खनन हे तज्ज्ञांनी रीतसर परवानगीने करावयाचे काम आहे. हौसेने केलेले खणणे म्हणजे पोथीची पाने उधळणे. दुसरी गोष्ट, वस्तू जागेवरच असता तिचे छायाचित्र घ्यावे, आणि मापाचा अंदाज यावा म्हणून शेजारी पट्टी ठेवावी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आमच्या विद्यार्थिदशेत तो नव्हता, आणि त्याचे प्रायश्चित्त माझ्या मेजावर पडलेले आहे. तिसरी गोष्ट, लिहून ठेवावे : गाव, शेताचा गट क्रमांक, विहिरीपासून किंवा बांधापासून अंतर, खोली, तारीख. चौथी गोष्ट, कळवावे : सरपंच, तलाठी किंवा पटवारी, जिल्हाधिकारी कचेरी, राज्याचे पुरातत्त्व खाते, जवळचे संग्रहालय अथवा महाविद्यालयाचा इतिहास विभाग. पण जागेचा गाजावाजा करू नये. बातमी आधी चोराच्या कानी गेली, तर खाते येईपर्यंत खड्डा तेवढा उरतो.

काय करू नये, तेही सांगतो. जुने नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये. त्यावरचा हिरवा थर खरवडताना अक्षरेही जातात. शिलालेख वाचता यावा म्हणून त्यात खडू किंवा तैलरंग भरू नये. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो आपोआप उठून दिसतो. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने कोरीव दगड सिमेंटमध्ये पुरू नयेत. आणि कोणी जुनी मूर्ती विकावयास आणली, तर ती विकत घेऊन आपण तिला वाचविली असे समजू नये. एका मूर्तीचे गिऱ्हाईक पुढच्या दहा चोऱ्यांस आमंत्रण असते.

माझे हे सांगणे ऐकून एखादा शेतकरी मनात म्हणेल, ‘कळविले, तर माझी जमीन जाईल आणि कचेरीचे हेलपाटे पदरी येतील.’ ही भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. संरक्षित स्मारकालगतच्या बांधकामावर निर्बंध येतात, आणि कळविल्यावर महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही, हाही अनुभव आहे. परंतु सापडलेली प्रत्येक वस्तू म्हणजे संरक्षित स्थळ नव्हे. बहुतेक ठिकाणी नोंद होते आणि शेती पूर्ववत चालते. कायदाही सर्वस्वी विरोधात नाही. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. पण तोच कायदा सापडविणाऱ्याचा व जमीनमालकाचा हक्क मानतो. दोघांत वेगळा करार नसेल आणि ठेव्यावर दुसऱ्या कोणाची मालकी ठरली नाही, तर तीन चतुर्थांश सापडविणाऱ्यास व उरलेला मालकास, अशी त्यात वाटणी आहे. सरकारने तो ठेवा घेतल्यास मोलाच्या वर एक पंचमांश अधिक द्यावयाचा असतो. जो लपवितो, तो मात्र हक्कही गमावतो आणि शिक्षेसही पात्र होतो. कर्नाटकात राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून बेळगावकडील श्रोत्यांनी आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत चौकशी करावी.

इंग्लंड व वेल्समध्ये १९९७ पासून एक योजना चालू आहे. लोकांना शेतात, वाटेवर जे सापडते, ते ठिकठिकाणचे अधिकारी पाहतात, नोंदवितात, आणि बहुतेक वस्तू सापडविणाऱ्यास परत देतात. अशा पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद तेथे झाली आहे. आपले कायदे वेगळे, आपली परिस्थिती वेगळी. ती योजना जशीच्या तशी आणावी असे मी म्हणत नाही. पण विश्वास आधी आणि दंड मागाहून, हा तिच्यातला विचार आपल्यालाही घेण्यासारखा आहे.

विश्वास एकतर्फी वाढत नाही. म्हणून एक शब्द आम्हां अभ्यासकांसाठीही. गावात उत्खनन होते, गावची माणसे उन्हात घमेली वाहतात, आणि मग आम्ही पेट्या भरून निघून जातो. दहा-वीस वर्षांनी अहवाल छापला जातो, तोही इंग्रजीत. ज्यांच्या पांढरीचा तो इतिहास, त्यांना त्यातले चार शब्दही कळत नाहीत. उत्खननाच्या शेवटच्या दिवशी गावच्या शाळेत वस्तू मांडून, गावच्या भाषेत, ‘तुमच्या पायांखाली आम्हांला हे सापडले’ एवढे सांगितले, तर ती मुले उद्या त्या टेकाडाची राखण आपण होऊन करतील.

जे शेतात जाऊ शकत नाहीत, त्यांनाही काम आहे. शिक्षकांनी मुलांना गावातील वीरगळ, सतीशिळा, बारव, जुनी पांढर यांची वही करावयास सांगावी. निवृत्त मंडळींनी जवळच्या संग्रहालयात जाऊन ‘मी काय मदत करू?’ असे विचारावे. नोंदी उतरविण्यास तेथे हात कमी पडतात. वृद्धांना ठाऊक असलेली शेतांची व ओसाड गावांची नावे टिपून ठेवावीत. ती माणसांबरोबर जात आहेत. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव वणवण हिंडले, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. कागदाच्या बाबतीत आपल्या लोकांनी जे केले, ते मातीच्या बाबतीत करणे आपल्याला अवघड नाही.

काळीची राखण शेतकरी रात्र-रात्र माळ्यावर बसून करतो, कारण तीत यंदाचे पीक आहे. पांढरीत गेल्या तीन-चार हजार वर्षांचे पीक आहे, आणि ते एकदा गेले की पुन्हा पेरता येत नाही. माझ्या मेजावरच्या हरणाला आता त्याचे गाव कधीही परत मिळणार नाही. तुमच्या गावाबाहेरच्या टेकाडावर मात्र अजून कदाचित एखादे खापर पावसाने धुऊन उघडे पडले असेल. ते दिसले, तर वाकून जरूर पाहा. पण उचलण्याआधी ते कोठे आहे, हे लिहून ठेवा.